घर परत मागताना

‘सोबत’ हा शब्द मराठीत फार मायेने वापरला जातो. घरात एकट्या राहिलेल्या वृद्धेला नातलग जेवणखाणाविषयी नंतर विचारतात; पहिला प्रश्न असतो, ‘रात्री सोबतीला कोण असते?’ या प्रश्नामागची काळजी खरी असते. परंतु तीच सोबत पुढे नकोशी झाली, तर तिच्यातून मोकळे कसे व्हावे, याविषयी सहसा कोणी बोलत नाही. मुलासुनेबद्दल तक्रार करणाऱ्याला ऐकणारे निदान चार जण भेटतात. आपणच प्रेमाने घरात घेतलेल्या परक्या माणसाबद्दल काही बोलावे, तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर ‘मग घेतलेत कशाला?’ असे उमटते. म्हणून अनेक जण गप्प राहतात, आणि मनात कोंडलेले ते सारे पुढे रक्तदाबाच्या किंवा निद्रानाशाच्या रूपाने डॉक्टरांपुढे जाते.

माझे वय आज ७४ आहे. पुण्यात कोथरूडला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असे घर माझ्या नावावर आहे. यजमान २०१६ साली गेले. मुलगी बंगळुरूला असते. २०१८ च्या दिवाळीनंतर आमच्या भजनी मंडळातील एक बाई माझ्याकडे राहावयास आल्या. मंडळात त्यांना सगळ्या ‘ताई’ म्हणत. येथेही मी तेच नाव ठेवते. माझ्याहून चार वर्षांनी लहान, पती निवर्तलेले, मधुमेहासाठी रोज इन्सुलिन घ्यावे लागे. चिंचवडला मुलाच्या घरी त्यांचे पटत नव्हते. “पाडव्यापर्यंत राहते, बाई. तोवर मुलगा मोठी जागा बघतो आहे,” असे त्या म्हणाल्या. मी शाळेत शिकवीत असे, त्यामुळे त्यांनीही मला ‘बाई’ म्हणणेच पसंत केले. तो पाडवा गेला, पुढचाही गेला. मला त्याचे काही वाटले नाही, कारण घरात माणूस मलाही हवे होते. भाडे मी कधी मागितले नाही. किराणा आणि गॅस यांचा अर्धा खर्च त्या देत.

ते दिवस चांगले होते, हे मला नोंदवलेच पाहिजे. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला करोना झाला, तेव्हा ताईंनी पंधरा दिवस माझ्या खोलीच्या दाराशी मेतकूट-भाताची ताटली ठेवली आणि ऑक्सिमीटरचे आकडे लिहून ते मुलीला रोज कळवले. त्यांना घरात घेतल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पुढे जे घडले त्यामुळे आधीचे चांगुलपण खोटे ठरत नाही.

बदल हळूहळू झाला. टाळेबंदी उठल्यावर ताईंचा मुलगा वरचेवर येऊ लागला. त्याच्या दुकानाची खोकी आधी गॅलरीत आली, मग बैठकीच्या खोलीत. शनिवार-रविवार तो तेथेच झोपू लागला. दूरदर्शनसंच मध्यरात्रीपर्यंत चाले. स्वयंपाकघरातील एका कपाटाला कुलूप लागले. ‘सोसायटीच्या नोंदवहीत आईचे नाव घाला,’ असा आग्रह सुरू झाला. एकदा तो आईला सांगत असताना माझ्या कानावर आले, “बारा वर्षे काढ. मग हे घर तुझ्याकडून कोणी मागू शकत नाही.”

शरीराने आधी सांगितले

माझी झोपण्याची खोली आतल्या बाजूला आणि स्वच्छतागृह बैठकीच्या पलीकडे आहे. रात्री उठावे तर परक्या पुरुषाच्या अंथरुणावरून जावे लागे. म्हणून संध्याकाळी सहानंतर मी पाणी पिणे बंद केले. त्या हिवाळ्यात मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग दोनदा झाला. सकाळी उठताना गरगरू लागले आणि एकदा उंबऱ्याशी तोल गेला. दाराची चौकट हाती आली म्हणून पडणे टळले. घरी मोजलेला रक्तदाब १६० च्या वर राहू लागला.

आमचे डॉक्टर जुने आहेत. त्यांनी नोंदी पाहिल्या आणि म्हणाले, “गोळी वाढवता येईल. पण संध्याकाळनंतर तुम्ही पाणी का पीत नाही, ते आधी सांगा.” मग विचारले, “घरात सध्या कोण कोण असते?” उतारवयात तहानेची जाणीव मुळातच मंदावते. त्यात पाणी जाणूनबुजून कमी केले, की जंतुसंसर्ग, उठताना येणारी भोवळ आणि पडणे ही सारी संकटे जवळ येतात. वाढलेल्या रक्तदाबाला अपुऱ्या झोपेचीही साथ मिळते. माझ्या आजाराचे मूळ घराच्या रचनेत आणि त्या घरात कोण झोपते यात होते, हे त्या दिवशी प्रथम कोणीतरी मोठ्याने बोलले. वृद्धांची काळजी घेणाऱ्या वाचकांनी हा प्रश्न लक्षात ठेवावा. ‘औषध घेतले का?’ याइतकेच ‘रात्री उठायला संकोच वाटतो का?’ हेही विचारावे.

२०२२ च्या गणपतीनंतर मी ताईंना समोर बसवून सांगितले, की आता मला घर मोकळे हवे आहे. दिवाळीपर्यंत व्यवस्था करा. त्या रडू लागल्या. “मी कुठे जाऊ, बाई?” एवढेच त्यांनी विचारले. मुलाने मात्र दोन दिवसांनी येऊन सांगितले, “आई कुठेही जाणार नाही. काय करायचे ते करा.”

सोपे वाटणारे मार्ग

त्यानंतर मला सल्ले पुष्कळ मिळाले. ‘त्या पंढरपूरला गेल्या की कुलूप बदलून टाका,’ असे एकाने सुचवले. ‘वीज बंद करा, आपोआप जातील,’ असे दुसऱ्याचे मत पडले. कोणी चार माणसे पाठवण्याची तयारी दाखवली. सोसायटीच्या चिटणिसांनी सहानुभूती दाखवली, परंतु घरातून कोणास बाहेर काढण्याचा अधिकार समितीला नसतो, हेही स्पष्ट केले. पोलीस ठाण्यात ऐकून घेतले आणि ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगितले. मारहाण, धमकी किंवा चोरी झाल्यास मात्र लगेच या, असेही बजावले.

कुलूप बदलण्याचा विचार माझ्या मनात टिकला नाही, त्याचे पहिले कारण कायद्याचे नव्हते. शीतकपाटाच्या दारात ताईंचे इन्सुलिन असे. दाराबाहेर उभी राहिलेली अडुसष्ट वर्षांची मधुमेही बाई आणि दाराआड अडकलेले तिचे औषध, हे चित्र मला सोसण्यासारखे नव्हते. दुसरे कारण वकीलबाईंनी समजावले. राहत असलेल्या माणसाला त्याच्या संमतीवाचून आणि कायद्याची वाट सोडून बाहेर काढले, तर ‘स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट, १९६३’ च्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागणारा दावा लावू शकतो. आणि अशा दाव्यात घर कोणाच्या मालकीचे, हा मुख्य प्रश्न नसतो. दावा अखेरीस टिको वा न टिको, त्यात वर्षे जातात. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला वर्षे खर्चून चालत नाही. वीज-पाणी तोडण्याचेही तसेच. भाडेकरूच्या बाबतीत तर महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा त्याला स्पष्ट मनाई करतो.

कागदाची वाट

वकीलबाईंनी आधी माझी भीती दूर केली. बारा वर्षांची गोष्ट लोक अर्धवट ऐकतात. मालकाच्या हक्काला आव्हान देऊन, उघडपणे आणि अखंड ठेवलेल्या ताब्यालाच मुदतीच्या कायद्यातील ते बारा वर्षांचे कलम लागू पडते. मालकाच्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा कितीही वर्षे लोटली तरी परवानगीचाच राहतो. गोव्यातील एका बहीण-भावाच्या घराचा वाद २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. त्यात न्यायालयाने सांगितले, की मोबदला न घेता राहू दिलेल्या माणसाला, काळजीवाहकाला किंवा नोकराला दीर्घकाळ राहिल्यामुळे घरावर हक्क मिळत नाही. मालकाने मागताच जागा परत दिली पाहिजे. आधार कार्डावरील पत्ता किंवा गॅसची नोंदणी यांनीही मालकी येत नाही. त्या नोंदी फार तर राहण्याचा पुरावा होतात.

कायद्याच्या भाषेत ताई ‘परवानगीदार’ होत्या. १८८२ च्या ‘ईझमेंट्स ॲक्ट’नुसार अशी परवानगी मालकाला मागे घेता येते, मात्र घर सोडण्यासाठी आणि सामान हलवण्यासाठी वाजवी मुदत द्यावी लागते. ही दुसरी अट मला फार आवडली. शंभर वर्षांहून जुन्या कायद्यानेही जाणाऱ्याच्या गाठोड्याचा विचार केलेला होता.

मग कागद जमवले: खरेदीखत आणि त्याची सूची दोन, सोसायटीचे भागपत्र, मालमत्ता कराच्या पावत्या, वीजबिले. किराण्याचे पैसे ताई बँकेतून पाठवत. त्या नोंदींपुढे ‘घरखर्च’ असे लिहिलेले असल्याने, ते भाडे होते असे म्हणायला फारशी जागा उरली नाही. मी रोजनिशी ठेवतेच. त्यातील तारखा उपयोगी पडल्या. २०२३ च्या फेब्रुवारीत वकिलांमार्फत परवानगी मागे घेतल्याची नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. एकाच घरात राहणाऱ्या दोघींपैकी एकीने दुसरीला टपालाने पत्र पाठवावे, हे विचित्र वाटले खरे. परंतु त्या पत्राने एक काम केले. रोजच्या बोलण्यातून तो विषय गेला. सकाळच्या चहाला आम्ही त्यावर भांडेनाशा झालो, कारण आता त्याला स्वतःची जागा होती.

नोटिशीची मुदत संपल्यावर लघुवाद न्यायालयात, म्हणजे लोक ज्याला स्मॉल कॉज कोर्ट म्हणतात तेथे, दावा दाखल झाला. मोबदला न घेता राहू दिलेली व्यक्तीही परवानगीदारच असते आणि तिच्याविरुद्धचा ताब्याचा दावा याच न्यायालयात चालतो, हे मुंबईतील एका प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. वयाचे कारण देऊन दावा लवकर चालवण्याचा अर्जही आम्ही केला. दावा चालू असेपर्यंत मुलाने तेथे राहू नये आणि नवे सामान आणू नये, एवढी तात्पुरती मनाई मागितली व ती मिळाली. त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी जेवणानंतर पेलाभर पाणी प्यायले.

दुसऱ्या वृद्धेचा प्रश्न

ताईंचे ‘मी कुठे जाऊ?’ हे विचारणे मात्र माझ्या मनातून जात नव्हते. घर माझे होते, तरी त्यांचे म्हातारपणही खरे होते. मुलाला आई नको होती, पण आईच्या आडोशाने माझे घर हवे होते. या साऱ्यात सर्वांत असहाय कोण, असे विचारले तर मी माझे नाव घेतले नसते.

न्यायालयाने प्रकरण मध्यस्थी केंद्राकडे पाठवले. ताईंना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळाला होता. स्त्रियांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. मध्यस्थांनी दोघींशी आधी वेगवेगळे, मग एकत्र बोलून घेतले. तेथे प्रथम कोणीतरी ताईंना सांगितले, की ज्या छपराची तुम्हाला गरज आहे ते या बाईंकडे मागण्याचा हक्क तुम्हाला नाही. परंतु चरितार्थ मुलाकडे मागण्याचा हक्क आहे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा त्यासाठीच आहे. स्वतःच्या उत्पन्नावर निर्वाह न होणारे आईवडील उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करू शकतात. कायद्यात त्यासाठी ९० दिवसांची मुदत सांगितली आहे, अपवाद म्हणून ती ३० दिवसांनी वाढते. आणि दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत रक्कम देववता येते. निवारा आणि औषधोपचार हेही ‘चरितार्था’तच येतात.

ताई आधी म्हणाल्या, “पोटच्या मुलावर अर्ज कसा करू?” मध्यस्थांनी त्यांना शांतपणे विचारले, “परक्या बाईचे घर अडवून बसणे सोपे वाटते का?” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. पुढच्या तारखेला त्यांनीच अर्जाविषयी विचारले.

अर्ज झाला, आणि समेट अधिकाऱ्यांसमोर मुलाने दरमहा ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले. साताऱ्याला ताईंची धाकटी बहीण राहते. तिच्या वाड्याशेजारी एक खोली भाड्याने ठरली. इकडे आमच्या दाव्यात तडजोड झाली. मी नुकसानभरपाईची मागणी सोडली, चार महिन्यांची मुदत दिली. त्यांनी ठरल्या तारखेला रिकामा ताबा देण्याचे मान्य केले. न्यायालयाने त्यावर तडजोड हुकूमनामा केला. तोंडी समेट आणि हुकूमनामा यांत फरक असा, की हुकूमनामा पाळला गेला नाही तर नवा दावा लावावा लागत नाही. दरखास्त दाखल करून बेलिफामार्फत ताबा घेता येतो. ती वेळ आली नाही. २०२४ च्या मे महिन्यात ताई गेल्या. सामान टेंपोत चढत असताना मी त्यांचे इन्सुलिन बर्फाच्या पिशवीत घालून त्यांच्या हाती दिले. आता आमचे बोलणे सणावारी होते. पूर्वीचा जिव्हाळा राहिलेला नाही, पण वैरही उरलेले नाही.

घराघराची वाट निराळी

माझी वाट सर्वांना लागू पडेल असे नाही. घरात नकोसा झालेला माणूस कोण आहे, यावर कायदा बदलतो.

करार करून ठेवलेला भाडोत्री असेल आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’ची मुदत संपली असेल, तर १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, मुदतीनंतर राहणाऱ्याला ठरल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. हा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाऊ शकते.

छळ करणारा स्वतःचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर २००७ च्याच कायद्याखालील न्यायाधिकरण ज्येष्ठांच्या संरक्षणासाठी आवश्यक वाटल्यास घर सोडण्याचा आदेशही देऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे मान्य केले; त्याच वेळी सुनेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने मिळालेला राहण्याचा हक्क यात बुडता कामा नये, असेही बजावले. म्हणजे मुलाविरुद्धचा अर्ज सुनेला बाहेर काढण्याचे हत्यार म्हणून वापरता येत नाही. घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करून दिले असेल आणि त्यात सांभाळ करण्याची अट असेल, तर ती मोडल्यास कलम २३ खाली ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. ती अट लेखी असावी, म्हणजे सिद्ध करण्याचे कष्ट वाचतात.

रात्रंदिवस सांभाळणारा सेवक किंवा सेविका असेल, तर गोव्याच्या प्रकरणातील तत्त्व लागू पडते. तरीही पगाराची नोंद आणि कामाचे स्वरूप लिहून ठेवलेले बरे.

काळजीवाहकांना एक विनंती करावीशी वाटते. वृद्ध माणूस ‘चालायचेच’ म्हणतो, तेव्हा त्याची झोप, पाणी, स्वयंपाकघरातील वावर आणि फोनवर मोकळेपणी बोलता येते का, हे पाहावे. मारहाण किंवा कोंडून ठेवणे असेल, तर कागदांची वाट न पाहता पोलिसांकडे जावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि विनामूल्य कायदेशीर साहाय्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. वृद्धाच्या वतीने निर्णय घेऊ नका. न्यायालयात मात्र त्याच्या शेजारी बसा. माझी मुलगी प्रत्येक तारखेला येऊ शकली नाही, पण आदल्या रात्री ती फोनवर कागद क्रमाने लावून घेई. मला त्याचाच आधार वाटे.

आज माझ्याकडे परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी राहते. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार आहे, पोलिसांकडे माहिती दिलेली आहे, आणि बैठकीत रात्री दहानंतर कोणी झोपायचे नाही, हेही आम्ही दोघींनी आधीच बोलून घेतले आहे. ती मला आजी म्हणते. रक्तदाब १४० च्या आत आहे. रात्री दोनदा उठते आणि दोन्ही वेळा निर्धास्तपणे दिवा लावते.